जमिनीचें माप आणि खरेदीखत

नांदेड-लातूरकडे जमिनीचा सौदा ठरूं लागला म्हणजे बोलणें एकर-गुंठ्यांत होतें. सात-बाराच्या उताऱ्यांत मात्र हेक्टर व आर असतात. या दोन मापांची गल्लत घेणारास किती महाग पडते, तेवढेंच आज सांगतों.

मराठी मुलखांतील जुनीं मापें याहून निराळीं होतीं. पांच हात पांच मुठी लांबीची काठी. वीस चौरस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेंवीस बिघ्यांचा चाहूर. हात ज्याचा त्याचा, तेव्हां काठीहि लहान-मोठी व्हावयाचीच! पुढें साखळी आली. तेहतीस फूट लांब व तितकीच रुंद जागा, म्हणजे १०८९ चौरस फूट, हा गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आर म्हणजे दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद जागा, सुमारें १०७६ चौरस फूट. गुंठा आराहून तेरा चौरस फुटांनीं मोठा. एवढ्यासाठीं सौदा मोडूं नये.

घात होतो तो आंकडे वाचण्यांत. दशमान मापांचा कायदा १९५६ चा. आपल्याकडे मालकीसाठीं अजूनहि काढून दाखवितात तें खासरा पत्रक १९५४-५५ चें, अर्थात् एकर-गुंठ्यांचें. त्यांतील १-२० म्हणजे एक एकर वीस गुंठे, एकूण साठ गुंठे. उताऱ्यावरील १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर, म्हणजे दोन एकर साडेअडतीस गुंठे. जुना आंकडा नव्या मापाचा समजून जो पैसे मोजतो, त्याच्या हातीं जवळजवळ अर्धीच जमीन पडते. उलट, उताऱ्यावर ०.८१ पाहून "एक एकरहि भरत नाहीं" म्हणणाऱ्यानें ध्यानांत घ्यावें कीं तें क्षेत्र पुरे दोन एकर आहे.

दुसरी नोंद पोटखराब्याची. मांजरा-मन्याडच्या कांठीं ओढ्या-नाल्यांखालीं गेलेली जागाहि एकूण क्षेत्रांत धरलेली असते. विकणारा सगळ्याचा एकच भाव सांगतो. लागवडीचें क्षेत्र वेगळें वाचावें आणि भाव त्यावर बोलावा.

इसार देण्यापूर्वीं भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करवून घ्यावी; शेजारच्या बांधकऱ्यांस त्या वेळीं हजर ठेवावें. खरेदीखतांत क्षेत्र हेक्टर-आरांत लिहून शेजारीं एकर-गुंठे अक्षरीं लिहावे, व चतुःसीमा त्याच मोजणीच्या नकाशाप्रमाणें घालावी.