स्टिअरिंगवरचा गिअर

पद्मिनी किंवा जुनी अँबॅसडर चालवलेला कुणी वाशिममध्ये भेटला की मी आधी गिअरबद्दल विचारतो. दांडा खाली नाही, स्टिअरिंगलाच! आपल्याकडे ओढून किंवा पुढे ढकलून वर-खाली करायचा. त्यामुळे पुढच्या अखंड सीटवर ड्रायव्हरशेजारी दोघं सहज बसत.

खरी करामत बॉनेटखाली. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि जोड. त्यांतले बुश झिजले की दांडा ढिला पडे, कधी दोन गिअरच्या मध्येच अडके. मग इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि सळी हाताने हलवून न्यूट्रलला आणायची. अकोल्याहून येताना पातूरच्या घाटात असं झालं तर आधी मागच्या चाकाला दगड!

पद्मिनीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हतं. चढावर दुसऱ्यावरून पहिला टाकायचा तर डबल क्लच: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच दाबून पहिला. जमलं की जराही करकर नाही. काय समाधान वाटायचं!

अँबॅसडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. रिसोड, कारंजा, मालेगाव, कुणाकडे अशी गाडी अजून चालू असेल तर जोडांना वेळेवर ग्रीस द्या आणि बुश सगळे एकदमच बदला.