गणकयंत्राचे पंतोजी

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात प्राध्यापक वैद्येश्वरन राजारामन बंगळूर मुक्कामी निवर्तले. वयाची ब्याण्णव वर्षे त्यांनी पूर्ण केली होती. वृत्तपत्रांनी बातमी दिली, पद्मभूषण वगैरे मानसन्मानांचा उल्लेखही केला. परंतु आपल्या इंदुरातील मराठी घरांतून ते नाव कोणी उच्चारल्याचे माझ्या कानी आले नाही. रामबाग घ्या, लोकमान्य नगर घ्या, घराआड एक तरी मुलगा अथवा मुलगी संगणकाच्या धंद्यात आहे. पणजोबांना होळकर सरकारातून मिळालेली सनद आपण पेटीत जपून ठेवतो, आणि नातवंडांच्या पोटापाण्याची वाट ज्याने आखली त्याचे नाव मात्र आपल्याला ठाऊक नसते. म्हणून हा परिचय.

राजारामन यांचा जन्म ८ सप्टेंबर १९३३ रोजी तमिळ मुलखातील इरोड गावचा. शिक्षण मात्र दिल्लीस, तेथील मद्रासी मंडळींनी चालविलेल्या शाळेत. परमुलखात राहून घरची भाषा सांभाळणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी वेगळे सांगावयास नको. सेंट स्टीफन्स महाविद्यालयातून १९५२ साली ते पदार्थविज्ञानाचे पदवीधर झाले. पुढे बंगळूरची विज्ञान संस्था, मग सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिका. मॅसॅच्युसेट्सला १९५९ साली एम. एस., विस्कॉन्सिनला १९६१ साली डॉक्टरेट. विषय होता स्वयंनियंत्रित यंत्रणांचा. तिकडे अध्यापकाची जागाही मिळाली होती. ती सोडून ते परतले आणि कानपूरच्या नव्या तंत्रशास्त्र संस्थेत रुजू झाले. संस्था उघडून जेमतेम तीन-चार वर्षे झाली होती.

गणकयंत्रे तोवर देशात अगदीच नव्हती असे नाही. कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत १९५५ सालीच एक आले होते, आणि मुंबईच्या टाटा संशोधन संस्थेने तर १९६० पर्यंत स्वतःचे यंत्र बांधून दाखविले. पण ती शास्त्रज्ञांची यंत्रे. कानपूरला नऊ अमेरिकन विद्यापीठांच्या साह्याने १९६३ च्या ऑगस्टात 'आयबीएम १६२०' हे यंत्र आले, आणि हॅरी हस्की या नामांकित अमेरिकन तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ते सुरू होताच विद्यार्थ्यांना त्याच्यापाशी जाऊ दिले गेले. काचेपलीकडून दर्शन घेऊन माघारी फिरावयाचे नाही. कार्डे घालावयाची, कळा दाबावयाच्या, चुकावयाचे, पुन्हा यावयाचे. माझ्या मते पुढच्या सगळ्या कथेचे मूळ या एका निर्णयात आहे.

त्या यंत्राची एक गंमत सांगण्याजोगी आहे. त्याला बेरीज करता येत नसे! म्हणजे बेरजेसाठी वेगळी यंत्ररचनाच त्यात नव्हती. स्मृतीच्या एका ठरावीक कोपऱ्यात बेरजेचे आणि गुणाकाराचे कोष्टक लिहून ठेवावे लागे, आणि सात अधिक आठ किती, असे विचारले की यंत्र त्या कोष्टकात पाहून पंधरा असे सांगे. विद्यार्थ्याच्या चुकीने ते कोष्टक पुसले गेले, तर यंत्र निमूटपणे चुकीच्या बेरजा देत राही. अमेरिकेतील पोरांनी यावरून त्याची भरपूर थट्टा केली आहे. आपल्या पंतोजींना मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसले नसते. पावकी-निमकी पाठ करून हिशेबाला बसणारे आपले जुने कारकून दुसरे काय करीत होते?

या यंत्रापाशी राजारामन यांचा मूळ विषय मागे पडला. देशभरच्या प्रयोगशाळांतून, कारखान्यांतून, महाविद्यालयांतून माणसे कानपूरला येत, दहा दिवस राहत, आणि 'फोरट्रान' भाषेत यंत्राला काम कसे सांगावे ते शिकून जात. असे वर्ग काही वर्षे चालले. शिकणाऱ्यांत पांढऱ्या केसांचे प्राध्यापकही असत. तेथे एक अडचण उभी राहिली. अमेरिकन पुस्तके महाग, आणि त्यांतली उदाहरणे तिकडची. तेव्हा वर्गाच्या टिपणांतून राजारामन यांचे प्रोग्रामिंगचे पाठ्यपुस्तक १९६९ साली निघाले. स्वस्त कागद, साधी बांधणी, परवडणारी किंमत. त्यामागून गणनपद्धतींवर, संगणकाच्या रचनेवर, माहिती-प्रणालींवर अशी पुस्तकांची रांगच लागली.

सत्तरच्या दशकात मी विद्यार्थी होतो. आमच्या महाविद्यालयात संगणक नव्हता. हे पुस्तक होते. ऐंशी घरांचे कागद आखून आम्ही प्रोग्राम लिहीत असू. सातव्या घरापासून विधान सुरू करावयाचे, सहावे घर मोकळे सोडावयाचे, क्रमांक पहिल्या पाचांत. मग आमच्यापैकी एक जण यंत्र होई. पाटीवर चौकोन आखून तो एकेक विधान वाची, जुना आकडा पुसून नवा लिही, आणि गाडी कोठे अडली ते सांगे. एकदा एक प्रोग्राम थांबेचना, तेव्हा आमचे 'यंत्र' चहा प्यायला निघून गेले. विनोद सोडा, पण यंत्र नसताना यंत्राप्रमाणे विचार करता येतो, हे त्या पुस्तकाने छोट्या शहरांतील किती मुलांना शिकविले असेल! विद्वानांच्या जगात पाठ्यपुस्तक लिहिणे हे दुय्यम काम समजतात. शोधनिबंधांची मोजदाद होते, पाठ्यपुस्तकांची होत नाही. राजारामन यांना १९७६ साली भटनागर पारितोषिक मिळाले, तेव्हा संशोधनात ते कोणाच्या मागे होते असेही नाही. तरीही त्यांनी पुस्तके लिहिणे सोडले नाही, आणि मला तेच त्यांचे मोठेपण वाटते.

कानपूरला एम. टेक. च्या विद्यार्थ्यांना संगणकशास्त्र हा विषय साठच्या दशकाच्या मध्यालाच घेता येऊ लागला. 'इन्फोसिस'चे नारायण मूर्ती तेथूनच १९६९ साली एम. टेक. झालेले, राजारामन यांच्या हाताखाली शिकलेले. (त्याच वर्षी आपल्या गोविंदराम सेकसरिया संस्थेतून विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झालेले दीपक फाटक पवईस गेले, तेथेच संगणकाचे प्राध्यापक झाले आणि २०१३ साली पद्मश्रीचे मानकरी ठरले. इंदूरकरांनी हे नावही विसरू नये.) पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कानपूरला बी. टेक. चा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. पण जागा अगदी मोजक्या.

आपल्या घरांशी खरा संबंध येतो तो यानंतरच्या गोष्टीचा. १९८० च्या सुमारास संगणकाच्या कामाला माणसे कोठून आणावीत याचा विचार करणाऱ्या सरकारी समितीचे अध्यक्षपद राजारामन यांच्याकडे होते. कचेऱ्या, बँका, कारखाने यांचे व्यवहार यंत्रावर चढवावयाचे, तर त्याला प्रत्येक वेळी इंजिनियरच कशाला हवा? गणिताची बैठक असलेला बी. एस्सी. किंवा बी. कॉम. चालेल, त्याला तीन वर्षे नीट शिकवा. यातून निघालेली पदवी म्हणजे एम. सी. ए. (२०२० पासून तिची मुदत दोन वर्षांवर आली आहे.) ज्यांच्या घरी कधी 'इंजिनियरिंगला नंबर लागला नाही' हे वाक्य ऐकू आले असेल, त्यांना या पदवीचा अर्थ सांगावयास नको. बी. एस्सी. होऊन स्थळांची वाट पाहत बसलेल्या मुली यातून पुण्या-बंगळूरला स्वतःच्या पगारावर राहू लागल्या. पुढे गल्लोगल्ली महाविद्यालये निघाली, शिकविणारे पुरेसे नाहीत तरी पदव्या वाटल्या गेल्या, हेही खरे. आणि ती मुले गेली ती परतली नाहीत, वाड्यांना कुलपे लागली, हेही खरे. त्याचा दोष मी या मास्तरांच्या माथी मारणार नाही.

१९८२ साली ते बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेले आणि १९९४ पर्यंत तेथील महासंगणक केंद्राची धुरा त्यांनी वाहिली. अमेरिका आपला बलाढ्य यंत्रराज द्यावयास कां-कूं करीत होती, तो हा काळ. स्वतःच यंत्र बांधावे या विचाराच्या सल्लामसलतीत राजारामन होते. त्यातून १९८८ साली पुण्याला 'सी-डॅक' उभी राहिली, आणि बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम' तयार झाला. ती कथा मराठी वाचकांना ठाऊकच आहे.

निवृत्तीनंतरही लेखणी थांबली नाही. १९५५ ते २०१० या काळातील भारतीय संगणनाचा इतिहास त्यांनी लिहून ठेवला. 'फंडामेंटल्स ऑफ कॉम्प्यूटर्स' या आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती, एका तरुण सहलेखिकेला बरोबर घेऊन, त्यांनी २०१४ साली काढली. तेव्हा ते ऐंशी ओलांडून गेले होते.