पेन्शन असताना सरकारी मदत घ्यावी की नाही?

ले. ऊस विकास अधिकारी



लागणीच्या नोंदी घ्यायला आम्ही घाटाखाली उतरलो की, उसापेक्षा दुसऱ्याच गोष्टींची चौकशी जास्त होते. खोडव्याला खत कधी द्यायचे हे विचारून झाले की हळूच कोणीतरी खिशातून बँकेचे पासबुक काढतो. कणकवली-वैभववाडीकडचे आपले सभासद काय, किंवा मालवण किनाऱ्यावर माडाच्या बागा राखून असलेली त्यांची भावकी काय, एका घरात एक तरी पेन्शनवाला असतोच. कोणी मुंबईला गिरणीत किंवा गोदीत होता, कोणी बेस्टमध्ये, कोणी पोलिसात, कोणी मिलिटरीत. उमर झाली की चाकरमानी गावी येतो आणि वडिलांच्या सातबाऱ्यावर नाव लावून शेती बघू लागतो. मग प्रश्न येतो तो असा :

"साहेबांनू, माका पेन्शन असा. वादळाचे पैसे माका गावतले काय? घेतलंय तर पेन्शन बंद करतले?"

या एका प्रश्नात दोन भीती आहेत. एक, आपल्याला मिळणार नाही. दुसरी, मिळाले तर आहे तेही जाईल. या भीतीपोटी काही जण हक्काचे पैसे सोडतात, आणि काही जण उलट पेन्शन लपवून घेऊ नयेत ते पैसे घेतात. दोन्हींत नुकसान शेतकऱ्याचेच. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट अशी की, सरकारकडून येणारा पैसा सगळा एका जातीचा नसतो. नुकसान झाले म्हणून मिळतो तो पैसा वेगळा, शेतकरी आहे म्हणून मिळतो तो वेगळा, कर्ज माफ होते ते वेगळे आणि घरात आधार नाही म्हणून मिळतो तो वेगळा. प्रत्येकाला पेन्शनचा नियम निराळा. एकाचा नियम दुसऱ्याला लावला की घोटाळा होतो, आणि आपल्याकडे नेमके तेच होते.

नुकसानभरपाईचे आधी बघू. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालगतून वर सरकले. मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात माड, पोफळी, आंबा आडवे झाले, घरांची कौले उडाली, कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. मे अखेरीस राज्य सरकारने नेहमीपेक्षा वाढीव दर जाहीर केले. बहुवार्षिक फळबागेला हेक्टरी ५०,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. नारळाला झाडामागे २५० रुपये, सुपारीला ५० रुपये. आदल्या वर्षी जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने रायगडात बागा झोपवल्या, त्या वेळच्या धर्तीवरच हे दर होते. मच्छीमारांच्या होड्या-जाळ्यांना वेगळी मदत होती.

आता २५० रुपयांत पडलेला माड तोडून बाजूला करायला माणूससुद्धा मिळत नाही, आणि नवा माड धरायला सहा-सात वर्षे जातात, हे मालवणच्या माणसाला मी सांगायला नको. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की, या मदतीच्या पंचनाम्यात "तुम्हाला पेन्शन किती?" असा रकानाच नाही. झाड पडले का, किती पडली, जमीन कोणाच्या नावावर, एवढेच बघतात. पिकाच्या बाबतीत ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान हवे. ही अट पूर्वी ५० टक्के होती, २०१५ पासून ३३ वर आली. तुमचा आडसाली ऊस पुरात कुजला असेल, तर तुम्ही निवृत्त मामलेदार आहात की निवृत्त शिपाई आहात याचा त्याच्याशी संबंध नाही. अपंगत्वाचे निवृत्तिवेतन घेणाऱ्यालाही तेच लागू. ही मदत घेतल्याने कोणाचे पेन्शन बंद होत नाही.

कोकणात ही मदत अडते ती पेन्शनमुळे नव्हे, सातबाऱ्यामुळे. एका गुंठ्याच्या बागेवर चौदा नावे, त्यातली नऊ मुंबई-ठाण्याला, दोन माणसे वारलेली आणि वारस लागलेले नाहीत. पंचनामा झाला तरी पैसे कोणाच्या खात्यात टाकायचे हा पेच पडतो आणि सहहिस्सेदारांची संमतिपत्रे मागितली जातात. गणपतीला सगळी भावकी घरी जमते, तेव्हाच हे कागद करून ठेवावेत. वादळ आल्यावर फोन करीत बसलात तर कोणी उचलत नाही. शिवाय २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक मागतात, तोही काढून ठेवावा. तलाठी (आता कागदावर ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण लोकांच्या तोंडून तलाठी जात नाही) पंचनाम्याला आला की आपण स्वतः हजर राहावे, पडलेल्या झाडांचे फोटो आधीच काढून ठेवावेत.

दुसरा पैसा पीएम किसानचा. खरी अडचण इथे आहे. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्ते २,००० चे. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,०००. नमोला वेगळा अर्ज नाही, पीएम किसानची यादी तीच याची यादी. म्हणजे एकीकडे नाव चुकीचे लागले की दुसरीकडेही लागते.

नियम असा. सरकारी, निमसरकारी, सार्वजनिक उपक्रम, स्थानिक स्वराज्य संस्था यांतून निवृत्त होऊन ज्याला महिना १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त पेन्शन मिळते, तो अपात्र. चतुर्थ श्रेणी म्हणजे शिपाई, पहारेकरी, सफाई कामगार अशा जागेवरून निवृत्त झालेल्याला मात्र ही आडकाठी नाही, त्याचे पेन्शन १०,००० च्या वर गेले तरी. मागच्या वर्षी आयकर भरलेला असेल तर तो वेगळ्या कारणाने बाद.

बऱ्याच जणांना इथे पळवाट दिसते. "माझ्या नावावर नको, बायकोच्या नावावर करतो." काही उपयोग नाही. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. त्यांतला एक अपात्र तर कुटुंब अपात्र. सज्ञान मुलगा वेगळे कुटुंब धरतात, पण जमीन त्याच्या नावावर १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी असली पाहिजे. वारसाने आलेली जमीन तेवढी या तारखेला अपवाद. हप्ता मिळावा म्हणून आता मुलाच्या नावे बक्षीसपत्र करणाऱ्यांनी मुद्रांकाचा खर्च वाचवावा.

मिलिटरीतून आलेल्यांचा इथे फार गोंधळ होतो. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्तीत २५,००० रुपयांपेक्षा जास्त पेन्शनवाले वगळले होते, पण माजी सैनिकांना त्यातून सूट होती. ते कर्ज माफ झाले, म्हणून पीएम किसानही चालेल असे अनेकांनी धरले. पीएम किसानमध्ये माजी सैनिकाला अशी सूट नाही. १०,००० च्या वर पेन्शन असेल तर सुभेदार काय, नाईक काय, हप्ता घेऊ नये. (जाता जाता : त्या कर्जमुक्तीत सहकारी साखर कारखान्यांचे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि संचालकही वगळले होते. तेव्हा आमच्यावरच नियम आणि साहेबांना मोकळीक, ही तक्रार निदान त्या बाबतीत खरी नाही.)

याच्या उलट बाजू गिरणी-कारखान्यांतून आलेल्यांची. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला, त्यानंतर कोकणातली किती घरे रिकाम्या हाताने गावी आली हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. त्यांतल्या बहुतेकांना पेन्शन हा प्रकारच नाही. नंतर ज्यांची नोकरी टिकली त्यांना १९९५ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेतले पेन्शन मिळते. त्याचा हिशोब सोपा आहे : वेतन (सध्या साधारणतः १५,००० ची कमाल मर्यादा) गुणिले नोकरीची वर्षे, भागिले ७०. पस्तीस वर्षे नोकरी झाली तरी ७,५०० होतात. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये. म्हणजे हा माणूस १०,००० च्या जवळपासही जात नाही. तो जमीनधारक असेल आणि बाकी अटींत बसत असेल, तर त्याने पीएम किसान खुशाल घ्यावे. मसुऱ्याकडचे एक आजोबा मला म्हणाले, "पेन्शन असा म्हणान मी फॉर्मच भरूक नाय." त्यांचे पेन्शन होते महिना अठराशे काही रुपये. चार-पाच वर्षांचे हप्ते ते केवळ शब्दाला घाबरून हुकले.

निराधार अनुदानाबद्दल थोडक्यात. संजय गांधी निराधार योजना अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० साली सुरू झाली. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी, किमान ४० टक्के अपंगत्व असलेले यांना ती आहे, आणि ६५ वर्षांवरील वृद्धांना श्रावणबाळ योजना आहे. महिना १,५०० रुपये, अपंगांना २०२५ च्या सप्टेंबरातील निर्णयाने २,५००. यात पेन्शन थेट आडवे येत नाही, उत्पन्न येते. सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २१,००० रुपये कुटुंबाचे उत्पन्न. १,००० पेन्शनवाला वर्षाला १२,००० वर थांबतो, २,००० वाला २४,००० ला जाऊन बाहेर पडतो. ही मर्यादा आजच्या महागाईत फार खाली आहे असे माझे स्पष्ट मत आहे, परंतु दाखला मागताना उत्पन्न खोटे लिहू नये. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नये.

घरातल्या बायकांसाठी २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे १,५०० येतात. कुटुंबात कोणी सरकारी निवृत्तिवेतन घेत असेल तर तिथे मात्र रकमेचा प्रश्नच नाही, ती बाई अपात्र. आणि जिच्या स्वतःच्या नावावर पीएम किसान व नमोचे मिळून महिना हजार रुपये पडतात, तिला १,५०० ऐवजी फरकाचे ५०० मिळतात. "माझे हजार कोणी खाल्ले?" असे विचारत तालुक्याला खेपा घालू नयेत.

आता ज्यांनी न कळत किंवा कळून पीएम किसानचे हप्ते घेतले आहेत त्यांचे. आधार क्रमांक तोच, बँक खाते तेच, पेन्शनही त्याच आधारला जोडलेले, तेव्हा लपून राहत नाही. २०२५ पर्यंत देशभरात अपात्रांकडून चारशे कोटींच्या वर रक्कम परत घेतली गेली, आणि आपल्या राज्यात तहसील कचेरीतून आयकर भरणाऱ्यांना नोटिसा आल्या त्या अनेकांनी पाहिल्या आहेत. नोटिशीची वाट बघू नये. योजनेच्या संकेतस्थळावर हप्ता स्वतःहून सोडण्याची आणि घेतलेली रक्कम भरण्याची सोय आहे. संगणक जमत नसेल तर तहसील कचेरीत लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि पैसे भरल्याची पावती पेन्शनच्या कागदांबरोबर ठेवावी. अर्जात आपले पेन्शन कोणत्या खात्याचे, महिना किती, कधीपासून, हे तीन मुद्दे स्वच्छ लिहावेत.

खोडव्याच्या नोंदी सुरू होतील तेव्हा येताना सातबारा व आठ-अ बरोबर पेन्शनच्या पासबुकाची झेरॉक्सही आणा. गट कार्यालयात चिटबॉय आणि आम्ही बसलेले असतो. तुमचे पेन्शन कोणत्या रकान्यात बसते ते पाच मिनिटांत सांगता येईल, आणि त्याच खेपेत तुमच्या पाचटाचे काय केलेत तेही आम्ही विचारून घेऊ.