नवपदवीधराची साख

व्यापाऱ्याचे खरे भांडवल तिजोरीत नसून त्याच्या नावात असते, हे आपल्या वाडवडिलांनी फार पूर्वीच ओळखले होते. शहाजोग हुंडीची रक्कम ती आणणाऱ्या कोणाच्याही हाती पडत नसे. बाजारात ज्याची प्रतिष्ठा आहे अशा ‘शहा’सच ती मिळे. कागदाइतकीच माणसाची ओळखही महत्त्वाची मानली जाई.

आज आपल्या घरांतील मुलेमुली पदव्या घेऊन बाहेर पडत आहेत. बदनावरच्या बाजारपेठेत त्यांना आजोबांच्या नावाने ओळखतात. परंतु इंदूर, पुणे वा मुंबईच्या कंपनीस ते आजोबा ठाऊक नसतात. आपल्याच तालुक्यात भैंसोला येथे १७ सप्टेंबर २०२५ रोजी पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाचे भूमिपूजन झाले. अशा ठिकाणी येणारे कारखानदारही परगावचेच असावयाचे. ते उमेदवाराचे नाव इंटरनेटवर शोधून पाहू शकतात. तेथे काहीच न आढळणे किंवा भलतेच आढळणे, या दोहोंत तोटा उमेदवाराचाच आहे.

मग आपली ओळख लिहावी कशी? याचा एक उत्तम नमुना आपल्या परंपरेतच आहे. आचार्य जिनसेनांनी शके ७०५ मध्ये, म्हणजे इ. स. ७८३ साली, हरिवंशपुराण रचिले. त्यांनी निर्देशिलेले वर्धमानपूर म्हणजे आपले बदनावर, असे काही विद्वान मानतात. काही ते सौराष्ट्रातील वढवाण समजतात. तो वाद असो. ग्रंथाच्या प्रशस्तीत त्यांनी आपले गुरू कीर्तिषेण, आपला पुन्नाट संघ, स्थळ, काळ आणि ज्या जिनालयांत रचना झाली त्यांची नावे नमूद केली आहेत. म्हणूनच आदिपुराणकर्ते दुसरे जिनसेन आणि हे जिनसेन यांची आज गल्लत होत नाही. स्तुतिपर विशेषणांपेक्षा पडताळता येण्याजोगा तपशील अधिक टिकतो, हा त्यातील बोध होय.

हेच तत्त्व लिंक्डइनसारख्या व्यावसायिक परिचयाच्या स्थळास लागू पडते. प्रथम, पदवीपत्रावर आहे तसेच पूर्ण नाव सर्वत्र लिहावे. ‘जैन’ आडनावाचे समनामी शेकडो निघतात. तेव्हा वडिलांचे नाव किंवा गोत्र जोडणे हिताचे. नावाखालील ओळीत ‘नोकरीच्या शोधात’ एवढेच न लिहिता, ‘वाणिज्य पदवीधर, जीएसटी विवरणपत्रे व टॅलीवरील हिशेब’ असे काम सांगावे. छायाचित्र साधे व स्पष्ट असावे.

पुष्कळ मुले घरच्या दुकानातील काम लिहिण्यास संकोचतात. ही चूक आहे. ‘वडिलांना मदत केली’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ‘दोन वर्षे गहू व सोयाबीनच्या आडतीचे हिशेब ठेवले, येणे-देणे दर महिन्यास जुळविले’ यातून पुष्कळ कळते. शिफारस मात्र काकांची नको. ज्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम केले अशा प्राध्यापकांची वा सनदी लेखापालांची घ्यावी. अनोळखी व्यक्तीस परिचयासाठी विनंती धाडताना आपण कोण व कशासाठी लिहितो, हे दोन ओळींत सांगावे. आपल्या विषयावर अधूनमधून चार उपयुक्त ओळी लिहिल्यास जाणकारांचे लक्ष जाते.

याबाबतीत मर्यादाही आहेत. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख करणे आणि ‘रहोभ्याख्यान’ म्हणजे गुप्त गोष्ट उघड करणे यांचा समावेश आहे. न केलेला अभ्यासक्रम परिचयात लिहिणे पहिल्यात बसते. मालकाचे भाव व ग्राहकांची नावे उघड करणे दुसऱ्यात. खोटी पदवी तर लवकर उघडकीस येते, कारण केंद्र शासनाच्या, २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमधून अनेक विद्यापीठांची प्रमाणपत्रे थेट पडताळता येतात.

मुलींच्या बाबतीत पालकांस भीती वाटते, ती अगदीच निराधार नाही. परंतु तिचा उपाय म्हणजे मुलीचे नावच लपविणे नव्हे. घरचा पत्ता, दूरध्वनी, जन्मतारीख व आधार क्रमांक उघड्यावर मांडू नयेत. शिक्षण आणि कौशल्य अवश्य मांडावे. नेमणुकीपूर्वी ‘अनामत’ वा ‘नोंदणी शुल्क’ मागणारा बहुधा ठगच समजावा. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या सायबर मदतक्रमांकावर कळवावे.

दुकानाची पाटी एका दिवसात रंगविता येते. साख बसावयास वर्षे लागतात. म्हणून पदवी हाती येण्याची वाट न पाहता शेवटच्या वर्षापासूनच हा आरंभ करावा, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी आठवड्यातून एकदा शेजारी बसून, मुलाने लिहिलेले चोपडीतील जमाखर्चाप्रमाणे तपासावे. जे वहीत खोटे लिहिणार नाही, ते तेथेही लिहू नये. एवढे पथ्य पाळल्यास आपल्या पेढ्यांनी जपलेले नाव पुढील पिढी परगावीही उज्ज्वल करील, यात शंका नाही.

जय जिनेंद्र.