शाआर हागाय : वाट पाडणाऱ्यांचे स्मारक

तेल-अवीवहून जेरुसलेमला निघालेली बस मैदान सोडून डोंगरात शिरते, तेथे रस्त्याच्या कडेला तांबडा रंग दिलेले जुन्या चिलखती गाड्यांचे सांगाडे दिसतात. हेच शाआर हागाय, म्हणजे खोऱ्याचे द्वार; अरबीत बाब-एल-वाद. ‘शाआर’ हा शब्द आम्हांस नवा नव्हता. मुंबईच्या जुन्या मशिदीचे, १७९६ सालच्या शाआर हारहमीमचे, नाव लहानपणापासून कानांवर होते. या द्वाराची हकिकत मात्र येथे आल्यावरच समजली.

१९४८ च्या वसंतात जेरुसलेममधील सुमारे एक लाख यहुदी रहिवाशांचे अन्न याच अरुंद खिंडीतून येत असे. दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवरून अरब पथके गोळीबार करीत. अनेक गाड्या येथेच जळाल्या, अनेक तरुण येथेच पडले. पुढे मेअखेरीस लाट्रूनचे ठाणे घेण्याचे प्रयत्न फसले, तेव्हा त्याच्या दक्षिणेस डोंगरातून दुसरी वाट शोधण्यात आली. एके ठिकाणी उतार इतका बिकट होता, की ट्रक वरच थांबत आणि माल खेचरांवर व माणसांच्या पाठीवर खाली नेला जाई. तेल-अवीवचे प्रौढ गृहस्थ रात्रीच्या काळोखात पिठाची ओझी वाहत होते. ११ जूनचा युद्धविराम सुरू होण्यापूर्वी त्या वाटेने वाहने जाऊ लागली. महायुद्धकाळी चीनला रसद पुरविणाऱ्या ब्रह्मदेशातील रस्त्यावरून तिला ‘बर्मा मार्ग’ हे नाव पडले. हिंदी सैन्यात नोकरी केलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना त्या नावाचा अर्थ सांगावा लागला नाही.

१९६७ साली येथील टेकडीवर शिल्पकार नाओमी हेन्रिक यांनी घडविलेले पोलादी स्मारक उभे राहिले. त्याचे तिरपे दांडे जेरुसलेमच्या दिशेने रोखलेले आहेत.

मुले विचारतात, “यांत आपले कोण होते?” आपली बहुतेक कुटुंबे या लढाईनंतर आली, हे खरेच सांगावे. उसना पराक्रम आपणांस नको. पण उत्तर तेवढ्यावर संपत नाही. विवाहाच्या प्रश्नावरून आपल्या यहुदीपणाविषयी शंका घेतली गेली, तेव्हा १९६४ च्या उन्हाळ्यात आपले समाजबांधव लेकराबाळांसह जेरुसलेमला जमले. किनारपट्टीकडून बसने येणाऱ्यांचा नेहमीचा रस्ता हाच होता. ऑगस्टमध्ये क्नेसेतमध्ये ठराव झाला : बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच होत, त्यांचे हक्क समान आहेत. एकांनी भाकरीसाठी वाट पाडली, दुसऱ्यांनी मानासाठी.

वाचकहो, पुढच्या खेपेस मुलांना बसच्या खिडकीपाशी बसवा आणि दोन्ही हकिकती सांगा. पहिलीची साक्ष रस्त्याकडेचे लोखंड देते. दुसरीची साक्ष आपल्यालाच द्यावयाची आहे.