शेजारच्या दातांचा आधार
कळंबकडे ज्वारीची भाकरी नि ऊस खायचा, तर दाढा शाबूत हव्यात. एक दाढ काढली की शेजारचे दात फटीकडे कलतात, समोरचा दात लांबतो. ती फट भरणाऱ्या ब्रिजमध्ये दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांवर कॅप बसवतात. मधला कृत्रिम दात त्या कॅपनाच जोडलेला असतो. ही कल्पना जुनीच: इटलीतले एट्रुस्कन लोक इसवी सनापूर्वी ७व्या शतकाच्या सुमारास सोन्याच्या पट्टीने दात बांधत.

शेजारचे दात निरोगी असतील, तर आधी इम्प्लांटबद्दल (हाडात बसवलेल्या स्क्रूवरच्या दाताबद्दल) जरूर विचारा. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयातही सल्ला मिळतो. ब्रिजसाठी घासलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. आणि आधाराचा दात किडला की अनेकदा अख्खा ब्रिजच काढावा लागतो. ब्रिजखालून रोज कडक टोकाचा फ्लॉस फिरवा.