अनुस्वाराची कळ आणि कळफलकाची ओळख

इनस्क्रिप्ट मांडणीत अनुस्वार इंग्रजी ‘एक्स’च्या कळीवर आहे. इंग्रजी लिहिताना ही कळ क्वचित लागते, मराठीत मात्र तिच्यावाचून एक वाक्य धड होत नाही. ‘त्यांचे लेखन’ मधला अनुस्वार गळला की ‘त्याचे लेखन’ उरते. शब्द शुद्धच दिसतो, म्हणून चूक सहज नजरेतून सुटते. पण ज्येष्ठ लेखकाचा आदरार्थी उल्लेख एकेरीवर येतो.

माझ्या लॅपटॉपची नेमकी हीच कळ निकामी झाली आहे. घरात जोडायला वेगळा यूएसबी कळफलक आहे, पण तो वर्गात किंवा प्रवासात नेणे सोयीचे नाही. देवनागरीत लहान-मोठी लिपी नसल्याने ‘कॅप्स लॉक’ या कळीला मराठीत काम नसते. तिलाच ‘एक्स’चे काम द्यावे, हा उपाय सरळ आहे. अट एकच: हा बदल फक्त लॅपटॉपच्या अंगच्या कळफलकाला लागला पाहिजे. तो साऱ्या संगणकाला लावला, तर बाहेरच्या धडधाकट कळफलकावरची कॅप्स लॉकही बिघडते आणि त्यावर इंग्रजी लिहिणाऱ्या घरच्यांची पंचाईत होते.

कळीपासून अक्षरापर्यंत

लिनक्समध्ये कळ दाबल्यावर अक्षर दोन पायऱ्यांनी उमटते. पहिल्या पायरीवर ‘कोणती कळ दाबली’ एवढेच ठरते. दुसऱ्या पायरीवर चालू असलेली मांडणी त्या कळीचे अक्षर करते: इंग्रजी असेल तर एक्स, मराठी इनस्क्रिप्ट असेल तर अनुस्वार.

आपला बदल पहिल्या पायरीवर करायचा. म्हणजे प्रत्येक भाषेसाठी वेगळी खटपट लागत नाही. शिफ्टसह तीच कळ मराठीत चंद्रबिंदू देते. आमच्या बेळगावसारख्या ठिकाणी याचा आणखी एक लाभ होतो. इनस्क्रिप्टने भारतीय लिप्यांमधले समान उच्चार समान कळींवर ठेवले आहेत, त्यामुळे कन्नड इनस्क्रिप्टमधला अनुस्वारही त्याच बदलाने परत मिळतो.

कळफलक ओळखायचा कसा?

जोडलेले प्रत्येक उपकरण संगणकाला दोन क्रमांक सांगते: एक उत्पादकाचा, दुसरा त्या नमुन्याचा. दोन्ही चार-चार स्थानांचे असतात आणि त्यांत अंकांबरोबर ए ते एफ ही रोमन अक्षरेही येऊ शकतात. अनेक लॅपटॉपांचा अंगचा कळफलक यूएसबीचा नसून जुन्या पद्धतीने जोडलेला असतो. त्याचा क्रमांक बहुधा ०००१:०००१ असा दिसतो.

मी यासाठी ‘कीडी’ ही मुक्त आज्ञावली वापरतो. ती बसवल्यावर टर्मिनलमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने ‘कीडी मॉनिटर’ ही आज्ञा रोमन लिपीत द्यावी. मग ज्या कळफलकावर कळ दाबाल, त्याचे नाव, क्रमांक आणि कळ पडद्यावर दिसते. दोन्ही कळफलकांवर एकेक कळ दाबून क्रमांक कागदावर टिपून घ्यावेत.

त्यानंतर ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘कीडी’ या फोल्डरात एक साधी मजकूर-फाइल करायची. तिच्या नावाच्या शेवटी ‘डॉट कॉन्फ’ हवे. फाइलीत चौकटी कंसांतल्या शीर्षकांचे दोन भाग असतात. ‘आयडीज’ या भागात लॅपटॉपच्या कळफलकाचा क्रमांक लिहायचा. ‘मेन’ या भागात कॅप्स लॉक बरोबर एक्स, एवढी एक ओळ. शेवटी ‘कीडी रीलोड’ ही आज्ञा दिली की बदल लागू होतो. ‘आयडीज’मध्ये क्रमांकाऐवजी तारांकन लिहिले, तर बदल सगळ्याच कळफलकांना लागतो. तयार नमुन्यांत बहुधा तारांकनच असते, म्हणून नमुना उतरवून घेताना ही ओळ आधी पाहावी.

काही सावधगिरी

एकाच नमुन्याच्या दोन कळफलकांचे हे क्रमांक सारखेच असतात. शाळेच्या संगणक-कक्षात एकगठ्ठा घेतलेले कळफलक एवढ्या ओळखीवर वेगळे करता येत नाहीत.

कीडी ज्या कळफलकाला हाताळते, त्याच्या कळी ती आपल्या आभासी कळफलकातून पुढे पाठवते. असे दोन कळफलक तिच्याकडे सोपवले, तर वरच्या पायरीला ते एकच दिसतात. मग एकावर कायम मराठी आणि दुसऱ्यावर कायम इंग्रजी मांडणी ठेवता येत नाही. तशी गरज असेल, तर लिनक्समधल्या ‘यूडेव्ह’ या व्यवस्थेच्या उपकरण-सूचीत बदल नोंदवावा. तिथे मूळ कळफलकाची ओळख कायम राहते.

फाइलीतल्या चुकीमुळे कळफलक अडून बसला, तर बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर या तीन कळी एकत्र दाबाव्यात. कीडी थांबते आणि मूळ कळी परत मिळतात.

लेखक आणि शिक्षक यांना याचा उपयोग बिघडलेल्या कळीपुरता नाही. करंगळी दुखणाऱ्या ज्येष्ठांना शिफ्ट सोयीच्या जागी हवी असते, कारण इनस्क्रिप्टमध्ये ‘ळ’, ‘श’ आणि ‘ऱ’ शिफ्टशिवाय मिळत नाहीत. वाचनालयातल्या सामाईक संगणकाला आपला वेगळ्या नमुन्याचा कळफलक जोडून अशी एक फाइल करून घेतली, तर त्यांची सोय होते आणि इतरांच्या कळींना धक्का लागत नाही.